सहा फुटी फळीवर नाशिक किती बसवायचं?

मंडळी, मागच्या अंकात मॉडेल रेल्वेचे रूळ कसे अंथरायचे यावर बोललो होतो, त्यानंतर आलेली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. रूळ झाले, गाडी फिरतेय, आता आजूबाजूला बिल्डिंगा कशा मांडायच्या? म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बहुतेक जण नेमके तिथेच अडकतात.

प्रश्न: नमस्कार सर. हॉलच्या भिंतीला सहा फूट बाय दोन फुटाची फळी लावलीय, एचओ स्केल, दोन लाइनी आणि एक सायडिंग (डबे उभे करायची बाजूची लाइन). मला आपलं नाशिक करायचंय. यादी अशी काढलीय, नाशिकरोड स्टेशन, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, रामकुंड, एक जुना वाडा, नोटांच्या प्रेसची कंपाउंड भिंत, रेल्वे क्वार्टर आणि थोडी द्राक्षबाग. कागदावर सगळं बसतंय पण बघितलं की शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर वस्तू ओळीने ठेवल्यासारखं वाटतं. मिसेसही म्हणते की यात गाव दिसत नाही. कुठे चुकतंय? (एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड)

उत्तर: तुमच्या मिसेसना दिसलं ते बरोबर दिसलं आणि ते तुम्ही पत्रात लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण आपण मांडणाऱ्यांना स्वतःची गर्दी दिसत नाही. आधी एक गणित करून घ्या. एचओ म्हणजे १:८७, खरा एक फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर, एवढं एक पाठ केलं तरी निम्मं काम होतं. या हिशोबाने तुमची सहा फूट फळी म्हणजे खऱ्या जगातली साधारण १५९ मीटर लांबी आणि दोन फूट म्हणजे ५३ मीटर खोली. एलएचबीचा, म्हणजे हल्लीच्या नव्या पद्धतीचा, एक डबा जवळपास २४ मीटर, मग चोवीस डब्यांची गाडी झाली पावणेसहाशे मीटर, आणि ती १:८७ मध्ये उभी करायची तर साडेसहा मीटर लागतात, म्हणजे बावीस फुटांच्या आसपास. तुमच्याकडे आहेत सहा. म्हणजे नाशिकरोडचा एक फलाटसुद्धा आख्खा बसत नाही, आणि रामकुंड तर स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर, ते स्केलमध्ये ठेवायचं म्हटलं तर तुमच्या घरापासून शंभर मीटरवर येईल, बहुतेक गल्लीच्या टोकाला!

म्हणून रामकुंड काढा. वाडाही काढा. मला माहितीय हे वाचून वाईट वाटेल, वाडा मलाही जीव की प्राण आहे, पण नाशिककर माणूस तुमच्या लेआउटसमोर उभा राहिला की पहिल्या क्षणाला त्याच्या मनात येणार की स्टेशनाला लागून घाट कुठून आला, आणि तो एकदा अडखळला की मग तुम्ही बाकी कितीही सुरेख केलंत तरी त्याला ते खरं वाटत नाही. गावाची ओळख पटते ती तिथल्या रोजच्या सवयींनी, प्रसिद्ध जागा गोळा करून पटत नाही.

मग ठेवायचं काय? एक जागा, एक वेळ आणि तिथे चाललेलं एक काम. तुम्ही जेलरोडला राहता, स्टेशन रोजचं आहे, तर मी म्हणेन मेन बिल्डिंगच्या नादी लागूच नका, फलाटाचं टोक घ्या. फलाट उतरून खडीत मिसळतो तो भाग, तिथला पार्सलचा कोपरा, पुलाचा जिना, मागे कौलारू क्वार्टर आणि लांब भिंत. वेळ घ्या सकाळी सहा-साडेसहाची, थंडीतली. काम घ्या पार्सल चढवण्याचं. द्राक्षं तुम्हाला हवीच आहेत ना, मग बागेऐवजी क्रेट दाखवा, हातगाडीवर रचलेले पंधरा-वीस क्रेट आणि दोन माणसं. तुम्हाला आठवत असेल, देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला निघाली ती आपल्या देवळालीहून, बिहारमधल्या दानापूरला. म्हणजे शेतमाल आणि रेल्वे हे नातं इथलं स्वतःचं आहे, ते दाखवायला एकर दोन एकर बाग लागत नाही, फलाटावरचे क्रेट पुरेसे आहेत. स्टेशनचं नाव बदलायला तयार असाल तर सरळ देवळालीच करा, सहा फुटांत छोटं स्टेशन जास्त मोकळं बसतं. पण मन नाशिकरोडमध्ये असेल तर नाशिकरोडच करा, कारण पुढची दोन वर्षं तुम्हाला यावर रोज रात्री बसायचंय.

एकलहऱ्याच्या चिमण्या ठेवा, पण मागच्या पडद्यावर रंगवून. अगदी फिक्या, निळसर राखाडी, खालचा भाग झाडांच्या रेषेत विरलेला. लांबची गोष्ट फिकी आणि धूसर दिसते, आणि जवळच्या भिंतीच्या डोक्यावरून चिमणी डोकावली की दोन फुटांची फळी एकदम दोन किलोमीटरची वाटते. सायडिंगवर कोळशाच्या रिकाम्या वाघिणी उभ्या केल्या तर त्या चिमण्यांचा अर्थही लागतो. बॉक्सएन वाघीण पावणेअकरा मीटरची, म्हणजे मॉडेलवर बारा सेंटिमीटरच्या थोडी वर, चार वाघिणी अर्ध्या मीटरमध्ये उभ्या राहतात.

पडद्याचं निघालंच आहे तर, बाहेरून छापील पडदा मागवू नका. त्यात टोकदार बर्फाचे डोंगर आणि सूचिपर्णी झाडं असतात. आपले डोंगर बसाल्टचे, माथा सपाट आणि अंगावर पायऱ्या पायऱ्या, लाव्ह्याचे थरच तसे बसलेत. पांडवलेणीच्या बाजूला एकदा संध्याकाळी तोंड करून उभे राहा आणि नुसती बाह्यरेषा वहीत काढा, चित्रकला यायची गरज नाही, एक रेघ पुरे. ती रेघ पडद्यावर आली की खाली कुठलंही स्टेशन ठेवा, जागा नाशिकचीच वाटते.

आता मांडणी. कृपा करून अजून एकही किट विकत घेऊ नका, सनबोर्डच्या प्लास्टिक शीटला कटर लावू नका. घरातली रिकामी खोकी काढा, बिस्किटांची, औषधांची, साबणाची, चहाची, आणि ती बिल्डिंग म्हणून फळीवर ठेवा. कमी पडली तर पुठ्ठा कापून पट्टीने चिकटवा. प्रत्येक खोक्यावर स्केचपेनने नाव लिहा, क्वार्टर, पार्सल, चहा. आणि आठ दिवस तसंच राहू द्या, गाडी चालवत राहा, जाता येता एखादं खोकं हलवा. मी प्रत्येक सीनला हे करतो आणि दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी निघतंच, एखादी बिल्डिंग गाडीच्या नेमक्या सुंदर वळणाला झाकत असते, नाहीतर सगळ्यांची डोकी एका उंचीवर येऊन भिंतीसारखी दिसत असतात.

हे बघताना वरून बघायचं नाही. एचओमधला साडेपाच फुटी माणूस म्हणजे १९ मिलिमीटर. त्याच्या डोळ्यांनी बघायचं. मोबाईल उलटा धरा म्हणजे कॅमेरा खाली येतो, आणि अगदी फळीला टेकवून फोटो काढा. मग तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, रंग गेला की कुठे जास्त वजन झालंय आणि कुठे पोकळ पडलंय ते लगेच कळतं. तुमच्या "ओळीने ठेवल्यासारखं" चं उत्तर मला वाटतं याच फोटोत सापडेल. सगळ्या बिल्डिंगा तुम्ही फळीच्या कडेला समांतर ठेवल्या असणार. रूळसुद्धा समांतर, फलाट समांतर, भिंत समांतर. काहीतरी तिरकं करा. रूळ कडेशी पाच-सहा अंशांत तिरके घेता आले तर उत्तम, झालेच असतील तर निदान क्वार्टरची ओळ तिरकी करा आणि रस्ता समोरच्या कोपऱ्यातून तिरका आत येऊन एका भिंतीमागे नाहीसा होऊ द्या. रस्त्याचं टोक दिसता कामा नये, ते दिसलं की फळी संपल्याचं कळतं.

तसंच गाडी फळीच्या टोकाला जिथे बाहेर पडते ती भोकं झाकायची असतात. एका बाजूला फूटओव्हर ब्रिज टाका, जिन्यासकट, दुसऱ्या बाजूला मोठं पिंपळाचं झाड आणि त्यामागे क्वार्टरची बाजूची भिंत. मागच्या बाजूला पूर्ण खोलीच्या बिल्डिंगा लागत नाहीत, नुसता दर्शनी भाग अडीच-तीन सेंटिमीटर जाड करून पडद्याला लावला तरी चालतो, कौलाचा उतार अर्धाच करायचा. कंपाउंडची लांब भिंत इथेच कामाला येते, पडदा आणि फळी यांचा सांधा ती झाकते. मात्र प्रेसचे फोटो काढायला जाऊ नका, ती सुरक्षेची जागा आहे, आणि भिंत ती भिंत, तुमच्या सोसायटीच्या भिंतीवरूनही माप घेता येतं.

बिल्डिंग लहान करायची वेळ येईल तेव्हा खिडक्या कमी करा, खिडकी लहान करू नका. हे मी दहा वेळा सांगेन. खऱ्या इमारतीला बारा कमानी असतील तर पाच घ्या, पण कमान तेवढीच ठेवा, दार सात फुटी असेल तर साडेचोवीस मिलिमीटर म्हणजे साडेचोवीसच. दार एकवीसचं केलं की दारातला माणूस राक्षस दिसतो आणि मग आख्खी बिल्डिंग खेळण्यातली होते. फलाटाचंही तसंच. आपल्याकडचा उंच फलाट रुळाच्या डोक्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर नऊच्या आसपास. बाहेरची किट बहुतेक कमी उंचीच्या फलाटाची असतात, त्यांच्यावर आपले डबे उभे केले की माणसाला डब्यात चढायला शिडी लागेल असं वाटतं.

आणि दोन बिल्डिंगांच्या मधल्या जागेचा विचार बिल्डिंगेइतकाच करा. खरं गाव तिथेच असतं. क्वार्टरच्या मागे पाण्याची टाकी, कपडे वाळत घातलेली तार, भिंतीला टेकवलेली सायकल, उघडी गटार, तिच्यावर टाकलेली फरशी, एक तुळस. चहाच्या टपरीसमोर ओली जमीन, कारण पाणी तिथेच फेकलं जातं, त्या ठिपक्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात. हे सगळं करायला पैसे लागत नाहीत, स्टेशनाबाहेर अर्धा तास उभं राहावं लागतं. रूळ ओलांडून किंवा फलाटाच्या टोकाखाली उतरून फोटो काढायला मात्र जाऊ नका, पुलावरून सगळं दिसतं.

जमिनीसाठी आपली काळी माती वापरणार असाल, आणि वापराच, तर ती उन्हात वाळवा, तव्यावर भाजा, चहाच्या गाळणीने चाळा आणि मग कागदावर पसरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी बारीक दाढी लागलेली दिसेल. बसाल्टच्या मातीत लोहाचा अंश असतो, तो इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतो आणि गिअरमध्ये बसतो. पाच-सहा वेळा चुंबक फिरवून दाढी यायची थांबली की मग ती माती फळीवर जाऊ द्यायची, त्याआधी नाही.

शेवटचं, सगळ्या बिल्डिंगा सुट्या ठेवा. जमिनीत तीन मिलिमीटरचा खाचा करून त्यात बिल्डिंग बसवायची, चिकटवायची नाही. मागे गाडी घसरली तर हात घालायला जागा लागते. खाच्याच्या कडेला थोडी माती, थोडं गवत भुरभुरवलं की सांधा दिसत नाही, बिल्डिंग हवेत ठेवल्यासारखीही वाटत नाही.

प्रश्न: काका, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं मूळ घर जुन्या नाशकातला वाडा होता, आता पाडला. मला तो मॉडेलमध्ये परत करायचाय आणि भावाकडे ट्रेन सेट आहे म्हणून दोन्ही एकत्र करायचं ठरलंय. पण वाड्याजवळून ट्रेन जाते हे पटत नाही. काय करू? (पंचवटी)

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वरच्या वाचकांना मी वाडा काढायला सांगितला, तुला सांगतो वाडाच ठेव आणि ट्रेन काढ, तिच्याऐवजी ट्राम आण. जुन्या नाशकात रूळ होते! १८८९ साली बांधलेली ट्राम मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची, सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत ती बंद पडली. म्हणजे वाड्यासमोरून रूळ जाताहेत हे चित्र नाशिकपुरतं शंभर टक्के खरं आहे, आणि फार थोड्या लोकांनी ते करून पाहिलंय. भावाच्या ट्रेन सेटमधल्या चार चाकी डब्याची चेसी वापरा, वर डबा तू कर, मोटर डब्यात लपव आणि पुढे घोडे.

अशा गल्लीच्या सीनला दीड फूट बाय दहा इंचसुद्धा पुरे. दोन्ही बाजूंनी उंच घरं आणि मध्ये अरुंद फट, बघणाऱ्याने त्या फटीतून आत बघायचं. समोरचे वाडे १:८७ चे कर, अगदी मागचे दोन-तीन एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० चे. गल्ली आत आत जात राहिल्यासारखी दिसते. फक्त त्या मागच्या घरांजवळ माणूस ठेवू नकोस, लगेच फसवणूक कळते.

वाडा पाडला तरी मापं मिळतील. जुना कुठलाही फोटो शोध ज्यात दारात कोणीतरी उभं आहे, लग्नातला, मुंजीतला, काहीही. त्या माणसाची उंची घरात कोणाला तरी माहीत असणारच. आजोबा साडेपाच फूट होते आणि फोटोत ते २२ मिलिमीटर आहेत, तर फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे तीन इंच, की दार, जोतं, खिडकी सगळं मोजता येतं, फक्त ते भिंतीला लागून उभे असले पाहिजेत, पुढे असले तर हिशोब चुकतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फुटात विचारू नकोस, खणांत विचार. वाडा किती खणी होता, ओसरी किती खण, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. एक खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, ते कळलं की समोरच्या बाजूचं आख्खं गणित सुटतं.

करताना खालून वर जा. आधी काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागाचे खांब आणि तुळया, मग भिंत, मग माडी, मग कौलं. लाकडाला बालसा नको, त्याचे तंतू मोठे दिसतात, आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून घे आणि कॉफीच्या पाण्यात बुडवून वाळव. गिलावा एक-दोन ठिकाणी उडालेला दाखव आणि आतल्या पातळ विटा दिसू दे. तांबट आळीत एकदा चालत जा, जी घरं अजून उभी आहेत त्यांच्या भिंती जवळून बघ. दाराच्या चौकटीला हाताच्या उंचीवर तेलकट काळपटपणा असतो, पिढ्यान् पिढ्या हात टेकून लोक आत गेलेत तिथे. तो मॉडेलवर ब्रशच्या टोकाएवढा येईल. पण तो कर.

घर नदीकडचं असेल तर अजून एक गोष्ट. आपल्याकडे पूर गोदेकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. घाटाजवळच्या घरांच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ राहते, खाली गाळाचा पिवळट रंग, वर नेहमीचा. जोत्याच्या वर हात-दोन हात अशी एक पुसट रेघ काढलीस तर जुनी नाशिककर मंडळी त्या रेघेवरच बोट ठेवतील बघ. आणि झालं की फोटो पाठव, वाड्याचा जुना फोटोही सोबत पाठव.

प्रश्न: सर मी नववीत आहे. जर्मन कंपनीची स्टेशनची किट ऑनलाइन खूप महाग आहेत, बाबा एकच घेऊन देणार आहेत. कोणतं घेऊ? का सगळं घरीच बनवू? (सिन्नर)

उत्तर: बाबांना सांग की त्या पैशात स्टीलची पट्टी, चांगला कटर, कटिंग मॅट, एक ३ आणि एक ५ मिलिमीटरची सनबोर्डची शीट, फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंगांचा बॉक्स येईल आणि तरीही पैसे उरतील. फालर आणि इतर जर्मन कंपन्यांची किट फार सुबक असतात, पण लाकडी चौकटीची तिरक्या पट्ट्यांची घरं आणि बर्फासाठी केलेली तीव्र उताराची छपरं आपल्याकडे ठेवली की ती परकीच दिसतात. घ्यायचंच असेल तर स्टेशन घेऊ नकोस, खिडक्या-दारांचे सुटे साचे किंवा माणसांचा सेट घे, ते घरी करणं खरंच अवघड आहे, आणि माणसं रंग बदलून आपली करता येतात, पँटचं धोतर होतं, टोपी पांढरी होते.

पहिली बिल्डिंग साधी निवड. लेव्हल क्रॉसिंगची गेटमनची खोली कर, एक दार, दोन खिडक्या, सपाट स्लॅब. मापं घ्यायला खरी खोली लागत नाही, विटा मोज. आपल्याकडची वीट साधारण नऊ इंच लांब आणि सिमेंटसकट तीन इंच उंच, म्हणजे चार थर म्हणजे एक फूट. चाळीस थर मोजलेस तर भिंत दहा फूट, मॉडेलवर पस्तीस मिलिमीटर. शाळेत जाता-येता भिंती मोजत जा, महिन्याभरात नजरेनेच उंची सांगायला लागशील. आणि पुण्याला कधी गेलात तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघ, १९९८ पासून चालू आहे. सगळे गाड्या बघतात, तू बिल्डिंगा बघ, कुठली पुढे ठेवलीय, कुठली मागे आणि का, ते वहीत काढून आण.

प्रश्न: वळणावर बिल्डिंग रुळापासून किती लांब ठेवावी? माझा डबा क्वार्टरच्या कोपऱ्याला घासतो. (सातपूर)

उत्तर: पुस्तकातला आकडा नको, तुमचा सगळ्यात लांब डबा घ्या. एलएचबी एचओमध्ये सत्तावीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, वळणावर त्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि टोकं बाहेरच्या बाजूला. डब्याच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने आणि मधोमध आतल्या बाजूने पेन्सिलचे तुकडे टेपने लावा आणि हाताने डबा वळणावरून ढकला, फळीवर आपोआप रेघा उमटतील. त्या रेघेच्या बाहेर किमान सात-आठ मिलिमीटर सोडून बिल्डिंग. पुढे ओव्हरहेड वायर टाकायचा विचार असेल तर खांबांची जागाही आत्ताच धरून ठेवा. खरी वायर रुळापासून साडेपाच मीटरवर, म्हणजे मॉडेलवर सहा सेंटिमीटरच्या थोडी वर, तुमच्या पुलाखालून ती जायला हवी.

प्रश्न: दादा, पावसाळ्यात माझ्या पुठ्ठ्याच्या बिल्डिंगा वाकल्या. आणि आत एलईडी लावले तर आख्खी भिंतच उजळते, खिडकी वेगळी दिसत नाही. दोन्हीवर उपाय सांगा. (इगतपुरी)

उत्तर: इगतपुरीला असून पुठ्ठा वापरताय म्हणजे हे होणारच होतं, तिथला पाऊस आम्ही नाशिकवाले नुसता ऐकतो. माझाही एक मालधक्का असाच गेलाय. माउंटबोर्डची चौदा इंच लांब भिंत, बाहेरून दोन हात रंग, आतून कोरी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बघतो तर मधून धनुष्यासारखी वाकलेली आणि कौलं सुटून आलेली, तीन महिन्यांचं काम. रंगलेल्या बाजूने ओल शिरत नाही आणि कोऱ्या बाजूने शिरते, मग एक बाजू फुगते आणि भिंत वाकते. तेव्हापासून नियम केलाय, पुठ्ठा असेल तर कापल्याबरोबर दोन्ही बाजूंना आणि कडांना वार्निश, आणि दर तीन इंचांवर आतून उभी पट्टी. तुमच्याकडे मात्र सरळ सनबोर्डच वापरा, ते प्लास्टिक आहे, ओल पीत नाही. आणि मोठं चिकटवायचं काम मार्च ते मे मध्ये उरकून घ्या.

लाइटचं दुखणंही आतल्या कोऱ्या भिंतीचंच आहे. आतून आधी काळा रंग द्या, दोन हात, छपराच्या आतल्या बाजूलाही, आणि कोपऱ्यांत काळ्या कागदाची पट्टी चिकटवा. काळ्यावर मग पांढरा द्या म्हणजे उजेड आत खेळतो पण भिंतीतून झिरपत नाही. बारा व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, आठ-नऊ मिलिअँपिअर मिळतात, तेवढा मंद उजेडच बरा. अजून मंद हवा असेल तर दोन किलोओहमपर्यंत जा.

आणि सगळ्या खिडक्या लावू नका. बिल्डिंगेत पुठ्ठ्याच्या आडभिंती घालून खोल्या पाडा आणि पाचातल्या दोनच खोल्या लावा. एकीत ट्यूबलाइटचा थंड पांढरा उजेड, दुसरीत देवघराचा छोटा लालसर पिवळा. तुमच्या इगतपुरीला तर हे फार शोभून दिसेल. कसाऱ्याहून ३७ ला १ असा चढ चढून, मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावून गाड्या वर येतात, रात्रभर ही ये-जा चालू असते आणि रेल्वेच्या वस्तीत कुणी ना कुणी ड्युटीवर निघालेलं असतंच. एका क्वार्टरच्या फक्त स्वयंपाकघरात उजेड ठेवा, बाकी घर अंधारात, दार किलकिलं, आणि पायरीवर डबा घेऊन उभा असलेला एक माणूस. आणि धुकं दाखवायला कापूस वापरू नका, तो महिन्याभरात धूळ धरतो, त्याऐवजी मागच्या पडद्यावर डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या रंगाचा सुका ब्रश अगदी हलका फिरवा.